नुसते वाचण्याचा गुन्हा

१० ऑगस्ट २०१६ रोजी संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर एक संदेश आला. देशातल्या तुरुंगांत चाललेल्या छळाची नवी माहिती हवी असेल तर सोबतच्या लिंकवर जा, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच संदेश. मन्सूर यांच्यावर पाळत ठेवण्याचे प्रयत्न आधीही झाले होते, त्यामुळे त्यांनी लिंकला बोट लावले नाही. संदेश त्यांनी टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे पाठवून दिले. तिथल्या संशोधकांनी आणि लुकआउट या सुरक्षा कंपनीने लिंक उलगडून पाहिली, तेव्हा इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचे पेगॅसस हे हेरगिरीचे साधन त्यांच्या हाती लागले. आयफोनमध्ये शिरण्यासाठी त्याने तीन त्रुटी एकामागून एक वापरल्या होत्या. पहिलीने ब्राउझरमध्ये शिरकाव करून दिला. तिसरीने फोनचा पुरता ताबा घेतला. मधल्या दुसरीने काहीही मोडले नाही की बदलले नाही. तिने फक्त थोडे वाचले.

ऍपलने २५ ऑगस्टला नवी आवृत्ती काढून तिन्ही त्रुटी बुजवल्या. सार्वजनिक नोंदवहीत मधल्या त्रुटीचा क्रमांक सीव्हीई-२०१६-४६५५. तिचा प्रकार 'माहिती उघड होणे', आणि गंभीरतेच्या मोजपट्टीवर तिची जागा 'मध्यम'. उरलेल्या दोघी 'उच्च'.

माझा आक्षेप या 'मध्यम'वर आहे. संगणक-सुरक्षेच्या धंद्यात वाचणे हा लिहिण्यापेक्षा हलका गुन्हा समजला जातो. यंत्र बंद पाडणारी, फायली बदलणारी, ताबा घेणारी त्रुटी म्हणजे संकट. नुसती मेमरी दाखवणारी त्रुटी म्हणजे जमेल तेव्हा दुरुस्त करायचे काम. ही प्रतवारी तांत्रिकदृष्ट्या चुकीची आहे. तिच्यामुळे होणारे नुकसान मात्र अशा लोकांच्या वाट्याला येते, ज्यांना आपले काही वाचले गेले हे कधी कळतही नाही.

ही गळती होते कशी, ते आधी पाहू. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी, डिस्क, नेटवर्क यांवर हुकूम त्याचा, आणि बाकीच्या प्रोग्रॅमनी त्याच्याकडे विनंती करून हवे ते मागून घ्यायचे. कर्नल उत्तर तयार करतो आणि प्रोग्रॅमच्या मेमरीत त्याची नक्कल ठेवतो. सगळी मेख या नकलेत आहे. समजा, उत्तरात एक बाइटचे एक अक्षर आणि चार बाइटची एक संख्या आहे. सी भाषेचा कंपायलर संख्येला सोयीच्या पत्त्यावर बसवण्यासाठी दोघांच्या मध्ये तीन बाइट मोकळे सोडतो. कर्नल पाच बाइट भरतो आणि आठ बाइटची नक्कल करून देतो. मधल्या तीन बाइटांत काय असते? त्या जागी आधी जे काही होते, ते. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या कामाचा तुकडा, कर्नलमधला एखादा पत्ता, पासवर्डचा एखादा अंश. पाटी न पुसता तिच्यावर उत्तर लिहून ती दुसऱ्याच्या हाती द्यावी, तसा हा प्रकार आहे. उत्तर अचूक असते, फक्त कडेला आधीचे अक्षर शिल्लक असते.

मन्सूर यांच्या फोनसाठी वापरलेली त्रुटी याच कुळातली, जरा वेगळ्या वळणाची. आयओएसच्या कर्नलमध्ये संख्या साठवणारी एक रचना होती. तिची लांबी किती, हे प्रोग्रॅम सांगेल तसे कर्नल मानून घ्यायचा. संख्या आठ बाइटांत मावणारी. प्रोग्रॅमने लांबी त्याच्या कितीतरी पट सांगितली आणि नंतर तीच संख्या परत मागितली. कर्नलने इमानेइतबारे तेवढे बाइट मोजून दिले. पहिले आठ संख्येचे, पुढचे त्याच्या स्वतःच्या स्टॅकवरचे, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या मेमरीतले. त्या पुढच्या बाइटांत कर्नलच्या आतला एक पत्ता होता.

एका पत्त्याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिमच्या संरक्षणाचा एक मोठा भाग पत्ते लपवण्यावरच उभा आहे. आयओएसमध्ये २०१२ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून फोन सुरू होताना कर्नल दर वेळी मेमरीत वेगळ्या जागी बसतो. लिनक्समध्ये ही सोय २०१४ मध्ये आली. हल्लेखोराकडे कर्नलमध्ये लिहिण्याची त्रुटी असली, तरी नेमके कुठे लिहायचे ते त्याला कळू नये, हा हेतू. अंदाज चुकला तर फोन बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि हल्ला वाया जातो. पण कर्नल सरकतो तो सगळा एकसंध. त्यामुळे आतला एक पत्ता कळला की बाकीचे सगळे नुसत्या वजाबाकीने मिळतात. म्हणजे 'मध्यम' ठरलेल्या दुसऱ्या त्रुटीवाचून 'उच्च' ठरलेली तिसरी त्रुटी अंधारात मारलेला दगड होती.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. २०२० मध्ये लिनक्सच्या ब्लूटूथमध्ये सापडलेल्या 'ब्लीडिंगटूथ' त्रुटींतही हीच जोडी होती. एक त्रुटी दुरून कर्नलच्या स्टॅकवरची मेमरी वाचून पत्ता देणारी, दुसरी तो पत्ता वापरून ताबा घेणारी. २०२१ च्या एप्रिलमध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना विंडोज १० वरच्या हल्ल्यांत सापडली तीही अशीच जोडी. कर्नलमधली माहिती उघड करणारी त्रुटी आणि तिच्यापाठोपाठ अधिकार वाढवून घेणारी. चांगल्या हल्लेखोराला गळतीची किंमत ठाऊक असते. ती आपल्या मोजपट्टीला ठाऊक नाही.

ही मोजपट्टी म्हणजे सीव्हीएसएस. शून्य ते दहा असे गुण देणारी ही पद्धत जगभर वापरली जाते. परिणाम मोजताना ती तीन प्रश्न विचारते: गोपनीयता गेली का, माहितीत फेरफार झाला का, सेवा बंद पडली का? तिसऱ्या आवृत्तीच्या सूत्रात या तिघांचे वजन अगदी सारखे आहे. वरवर हे न्याय्य वाटते, पण त्याचा अर्थ नीट पाहा. एका त्रुटीमुळे सर्व्हर बंद पडतो आणि दोन मिनिटांत पुन्हा सुरू होतो. दुसरीमुळे त्याच सर्व्हरच्या मेमरीतली खासगी किल्ली कोणा अनोळख्याच्या हाती जाते. इतर अटी सारख्या असतील तर दोघींना सारखेच गुण मिळतात, उदाहरणार्थ ७.५. शिवाय, नुसते वाचणारी त्रुटी कितीही भयंकर असली तरी या सूत्रात ८.६ च्या वर जाऊच शकत नाही. 'अतिगंभीर' हा वर्ग ९ पासून सुरू होतो. म्हणजे निव्वळ गळतीला त्या वर्गात प्रवेशच नाही. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने पुष्कळ सुधारणा केल्या, पण पाया त्याच तीन प्रश्नांचा राहिला.

या गणिताने काय घडते, याची दोन मोठी उदाहरणे आहेत. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेली हार्टब्लीड ही ऑपरेटिंग सिस्टिमची त्रुटी नव्हती, ती ओपनएसएसएल या लायब्ररीतली होती. पण ती लायब्ररी लिनक्सच्या बहुतेक वितरणांसोबत जगभर पोचली होती. एका विनंतीसरशी सर्व्हरच्या मेमरीतले ६४ किलोबाइट बाहेर पडत, आणि विनंती हवी तितक्या वेळा करता येई. २०१२ मध्ये शिरलेली ही चूक दोन वर्षे तशीच होती. ती उघड झाल्यावर असंख्य संकेतस्थळांना प्रमाणपत्रे बदलावी लागली, कोट्यवधी लोकांना पासवर्ड. तेव्हाच्या मोजपट्टीवर तिला गुण मिळाले ५.०. दुसरे उदाहरण मेल्टडाउन. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या, सायबेरस या जर्मन कंपनीच्या आणि गुगलच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधलेली ही त्रुटी ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झाली. इंटेलचे प्रोसेसर वेग साधण्यासाठी पुढच्या सूचना आधीच अमलात आणत आणि त्यांना ती मेमरी वाचायची परवानगी आहे की नाही ते मागाहून बघत. परवानगी नसली तर निकाल रद्द होई, पण त्याचा ठसा कॅश या प्रोसेसरच्या झटपट मेमरीत राहून जाई. त्या ठशावरून साधा प्रोग्रॅम कर्नलची मेमरी वाचू शकत होता. संशोधकांना सेकंदाला ५०३ किलोबाइटपर्यंतचा वेग मिळाला. प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातली भिंत हा साऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार, आणि तोच इथे निकामी झाला. मोजपट्टीने दिलेले गुण ५.६.

दोन्ही 'मध्यम'. गणित बरोबर करूनही उत्तर असे येत असेल, तर दोष सूत्रात आहे.

सूत्रात राहून गेलेल्या गोष्टींपैकी पहिली म्हणजे परतीची वाट. फायली बिघडवल्या तर बॅकअपमधून आणता येतात, यंत्राचा ताबा गेला तर ते पुसून नव्याने उभे करता येते. वाचले गेलेले मात्र परत घेता येत नाही. पॅच लावल्याने उद्याची गळती थांबते, कालची नाही. पासवर्ड बदलता येतो हे खरे, पण बोटांचे ठसे, आजाराचा इतिहास, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार, बातमीदाराचा स्रोत कसा बदलणार? आपल्याकडे अंगठा लावून रेशनपासून पेन्शनपर्यंतची कामे होतात. अशा समाजाने तरी न बदलता येणाऱ्या माहितीच्या गळतीला दोन मिनिटे बंद पडलेल्या सर्व्हरच्या पंगतीत बसवू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे माग. लिहिणाऱ्या हल्ल्याच्या खुणा राहतात. फाइलची तारीख बदलते, नवा प्रोग्रॅम दिसतो, यंत्र कोसळते. कर्नलकडून जास्तीचे बाइट घेणारा प्रोग्रॅम कर्नलच्या नजरेतून एक साधी, रीतसर विनंतीच करत असतो. मेल्टडाउनच्या संशोधकांनीच सांगून ठेवले होते की असा हल्ला नेहमीच्या नोंदींमध्ये दिसणार नाही. भारतात पेगॅसस वापरल्याच्या आरोपांची तपासणी करायला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तांत्रिक समिती नेमली. तिच्या तीन सदस्यांत आयआयटी मुंबईचे एक प्राध्यापकही होते. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले गेले ते असे की तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगॅसस असल्याचे निश्चित सांगता येत नाही. इथे तर फोनमध्ये एक अख्खे हेरगिरीचे यंत्र बसवल्याचा संशय होता, तरी निष्कर्ष एवढ्यावर थांबला. मग तीन बाइटांच्या गळतीचा पुरावा कोण, कुठे शोधणार?

आपला नवा कायदा नेमका इथे अडखळतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर जबाबदारी टाकली आहे की, माहितीचा भंग झाला तर डेटा संरक्षण मंडळाला आणि संबंधित व्यक्तीला कळवावे. सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण ज्या भंगाची स्वतः संस्थेलाच खबर नाही, तो ती कळवणार कशी? पुरावा नाही म्हणून घटना नाही, आणि घटना नाही म्हणून जबाबदारी नाही, अशी साखळी तयार होते. बिनमागाची गळती 'मध्यम' ठरते याचे एक कारण तिच्याबद्दल तक्रार करायला कोणी उरत नाही, हेही आहे.

समोरच्या बाजूलाही सांगण्यासारखे आहे आणि ते हलके नाही. मोठ्या बँकेत किंवा सरकारी खात्यात यंत्रणा सांभाळणाऱ्यासमोर दर महिन्याला पॅचचा ढीग पडतो. सगळेच तातडीचे म्हटले तर तातडी या शब्दाला अर्थ राहत नाही. कशाला आधी हात घालायचा हे कुणीतरी सांगायलाच हवे. नोंदवहीतल्या पुष्कळशा गळत्या खरोखर किरकोळ असतात, चार निरर्थक बाइटांपलीकडे त्यांतून काही निघत नाही. शिवाय घाईची दुरुस्तीही महाग पडते. मेल्टडाउनसाठी मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये काढलेल्या पॅचने ६४ बिटच्या विंडोज ७ मध्ये त्याहून मोठे भगदाड पाडले. कर्नलच्या मेमरीचा नकाशाच साध्या प्रोग्रॅमला वाचायला आणि लिहायलाही खुला झाला. उल्फ फ्रिस्क या संशोधकाने ते दाखवून दिल्यावर मार्चअखेरीस वेगळा पॅच काढावा लागला.

हे सगळे मान्य करूनही माझा मुद्दा हलत नाही. मी सगळ्या गळत्यांना अतिगंभीर म्हणा असे म्हणत नाही. त्यांच्यातला फरक ओळखणारे प्रश्न विचारा, असे म्हणतो. बाहेर गेलेली गोष्ट बदलता येण्यासारखी आहे का? वाचले गेल्याचा माग राहतो का? तिच्यामुळे दुसऱ्या हल्ल्याची वाट मोकळी होते का? चार निरर्थक बाइट या प्रश्नांत आपोआप खाली जातील आणि कर्नलचा पत्ता वर येईल. क्रम लावायचाच असेल तर तो असा लावावा. सीव्हीएसएसचे पालक स्वतः सांगतात की गुण म्हणजे धोका नव्हे, परिस्थिती पाहून ते सुधारून घ्या. प्रत्यक्षात कचेऱ्यांच्या नियमावलीत शिरतो तो फक्त आकडा. ७ च्या वर असेल तर आठवड्यात, खाली असेल तर सवडीने. त्या सवडीत गळती चालू राहते.

आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो की, अशा त्रुटीचा फायदा घ्यायला हल्लेखोराचा प्रोग्रॅम आधी त्याच यंत्रावर चालायला हवा, म्हणून गुण कमी. हा तर्क प्रत्येकाचे यंत्र ज्याचे त्याचे होते तेव्हाचा आहे. आज आपण उघडतो ते जवळपास प्रत्येक वेबपान कोणा परक्याचा प्रोग्रॅम आपल्या फोनवर चालवते. मेल्टडाउनसोबत जाहीर झालेल्या स्पेक्टर या तशाच त्रुटीचा हल्ला ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमधूनही करून दाखवण्यात आला होता, आणि तो वेळेच्या सूक्ष्म मोजणीवर चालत असल्याने ब्राउझर बनवणाऱ्यांना आपली घड्याळे मुद्दाम बोथट करावी लागली. क्लाउडमध्ये तर एकाच यंत्रावर एकमेकांना न ओळखणारे ग्राहक शेजारी नांदत असतात. परका प्रोग्रॅम यंत्रावर असणे ही आता अपवादाची नव्हे, रोजची स्थिती आहे.

मग ही गळती मुळातून बंद का झाली नाही? ज्ञान नव्हते असे म्हणायला जागा नाही. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात धोक्यांचे तीन प्रकार सांगितले, त्यातला पहिलाच अनधिकृतपणे माहिती बाहेर जाण्याचा. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८५ च्या मानकाने, ज्याला मुखपृष्ठाच्या रंगावरून 'ऑरेंज बुक' म्हणतात, सी-२ या श्रेणीसाठी अट घातली होती की मेमरीचा तुकडा एकाकडून दुसऱ्याकडे देण्याआधी त्यातले जुने काही शिल्लक राहता कामा नये. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीने १९९५ मध्ये ती श्रेणी मिळवली. एका प्रोग्रॅमची मेमरी दुसऱ्याला देताना विंडोज ती आधी शून्यांनी भरते, आणि लिनक्सही.

पण हा नियम पाळला गेला तो मेमरीच्या अख्ख्या पानांसाठी. कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यात क्षणोक्षणी होणाऱ्या लहानसहान देवघेवीत, वर सांगितलेल्या तीन बाइटांत, तो पोचला नाही. तिथे साफसफाई प्रत्येक प्रोग्रॅमरच्या आठवणीवर सोडली गेली. परिणाम काय झाला, ते गुगलच्या मातेउश युर्चिक यांनी दाखवले. त्यांनी अख्खी विंडोज एका एम्युलेटरमध्ये चालवली, कर्नलमधला कोणता बाइट भरलेला आणि कोणता न भरलेला याची खूण ठेवली, आणि न भरलेले बाइट बाहेर पडताना पकडले. २०१८ मध्ये मांडलेल्या या कामात एकट्या विंडोजमध्ये सत्तरच्या वर गळत्या सापडल्या, लिनक्समध्ये दहाच्या वर. एवढ्या संख्येने चुका सापडतात तेव्हा दोष प्रोग्रॅमरच्या विसराळूपणाचा म्हणता येत नाही. सारी भिस्त आठवणीवर ठेवणाऱ्या पद्धतीचा तो दोष आहे.

त्यावरचा उपायही फार साधा निघाला. कंपायलरनेच प्रत्येक जागा आधी भरून ठेवायची, प्रोग्रॅमरला आठवो वा न आठवो. विंडोजमध्ये २०१९ पासून अशी सोय येऊ लागली आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ५.३ आवृत्तीत मेमरी देतानाच शून्याने भरण्याचा पर्याय आला. त्याचा खर्च किती? लिनक्सच्या स्वतःच्या टिपणानुसार बहुतेक कामांत एक टक्क्याहून कमी, मुद्दाम ताण देणाऱ्या चाचण्यांत सात टक्क्यांपर्यंत. याच खर्चाची भीती दाखवून कित्येक दशके पाटी पुसण्याचे टाळले गेले. आणि न पुसल्याचा खर्च? मेल्टडाउन ही निराळ्या जातीची, हार्डवेअरमधली गळती; पण वेगासाठी तपासणी मागे ढकलण्याची वृत्ती तीच. तिच्या दुरुस्तीसाठी लिनक्सला कर्नलचे नकाशे वेगळे करावे लागले आणि त्यात सर्वसाधारण कामाचा वेग पाच टक्क्यांच्या आसपास घटला, वाईटात वाईट चाचणीत तीस टक्के. आधी कमावलेला वेग असा व्याजासकट परत द्यावा लागला. तो कमावताना जाहिरात प्रोसेसर विकणाऱ्यांची झाली, फेडताना झळ वापरणाऱ्यांना बसली, आणि हा सौदा करताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

म्हणून प्रश्न अखेर तंत्रज्ञानापुरता राहत नाही. किती वेगाच्या बदल्यात किती गोपनीयता द्यायची, हा निर्णय सार्वजनिक महत्त्वाचा आहे, आणि तो आजवर कंपायलरच्या पर्यायांत आणि मोजपट्टीच्या सूत्रांत परस्पर घेतला गेला. तो उघड्यावर आणायला नवा शोध लागत नाही. बँका, विद्युत मंडळे, राज्य सरकारे यांनी यंत्रणा विकत घेताना, कर्नल मेमरी देण्याआधी साफ करतो का, ती सोय मुळातच चालू असते की मागून चालू करावी लागते, हे निविदेत विचारावे. पॅच लावण्याच्या मुदती ठरवताना नुसता आकडा न पाहता गळतीसाठी वेगळा निकष ठेवावा. आणि 'माहिती उघड होऊ शकते' एवढी एक ओळ लिहून मोकळ्या होणाऱ्या प्रत्येक कंपनीला दोन प्रश्न विचारावेत: ही त्रुटी किती काळ उघडी होती, आणि त्या काळात कोणी काही वाचले नाही हे तुम्ही कशाच्या आधारे सांगता? दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा कोणाकडेच नसेल. ते नसताना त्या त्रुटीपुढे 'मध्यम' असे लिहिणे म्हणजे आपल्या अज्ञानाची नोंद वापरणाऱ्याच्या सुरक्षिततेच्या खात्यात करणे आहे.